कोणतं धानोरं, जिभाऊ?

प्रिय जिभाऊ,

तू गेलास असं मला परवा दुपारी कळलं. खरं सांगू? माझा अजून विश्वास बसत नाही. माणूस मेल्याची खबर सात समुद्रांपलीकडून येते, तीही आधी भलत्याच गावाला जाऊन, भलत्याच माणसाच्या हातून, आणि ती मी मुकाट खरी मानायची? तू तुझ्या बहिणीला उगाच का फौजदार म्हणायचास!

तरी लिहायला बसले आहे. आखाजी, पुस्तकातली अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली, मी माहेरी आलेय, माय ओट्यावर बसून सांजोऱ्यांसाठी रवा चाळतेय, आणि तिला मी अजून एका शब्दानं बोललेली नाही. तिच्या आधी तुझ्याशी बोलून घ्यावं म्हटलं. तू शिकवलीस त्या शाळेच्या मराठीत लिहितेय. तोंडात मात्र अजून आपलीच बोली आहे. हसू नकोस.

परवा एक अनोळखी माणूस दारात येऊन उभा राहिला. डोक्याला रुमाल, काखेत गाठोडं, पाय धुळीनं भरलेले.

"झिपरू पाटीलनं घर हाईच शे का?"

आबांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्या नावानं विचारत येणारा माणूस कोण? मी उंबरा अडवून उभी राहिले. "तुम्ही कोन? कोठला?"

"धानोराना."

"धानोरं तर हाईच शे! तुमले तर आम्ही कधी देखं नही."

"तसं नही ताई. आम्हनं चोपडाकडलं धानोरं."

तरी मी त्याला आत घेतला नाही. तुमच्या धानोऱ्यात मारुती कुठं आहे, बाजार कोणत्या वारी भरतो, पाटील कोण, सगळं विचारलं. बिचारा घाम पुसत उत्तरं देत होता. मग त्यानं गाठोड्यातून दोन पाकिटं काढली. एक जुनं, पिवळं पडलेलं, कडेला उंदरानं कुरतडलेलं. दुसरं नवं. दोन्हींवर इंग्रजीत एकच पत्ता: झिपरू पाटील, धानोरा, खानदेश.

बस, एवढाच! तालुका नाही, पूर्व नाही, पश्चिम नाही. खानदेशचे दोन तुकडे झालेत हे त्या लिहिणाऱ्याला काय ठाऊक! आणि झिपरू पाटील काय, खानदेशात गावोगाव आहेत. त्यांच्याकडेही एक होते. ते आधीच वारलेले. घरच्यांना वाटलं कोर्टाचा कागद असेल, म्हणून भीतीपोटी कोणी फोडला नाही आणि फेकलाही नाही. आढ्याला खोचून ठेवला. बारा वर्षं!

मी विचारलंच त्याला. "बारा वर्सं कागद आढ्याले? आनि कोनलेच काही वाटनं नही?"

"आम्हनी चूक नही, ताई. नाव आम्हनं, गाव आम्हनं. आते दुसरा ऊना, तो वाचाडी लिधा, तव्हय समजनं का हाई आम्हनं नही. त्यामा नंदुरबारनं नाव व्हतं, आनि तुम्हना भाऊ वारना असं लिखेल व्हतं."

त्याची सासुरवाडी नंदुरबारकडची, तिकडे जाताना तो वाट वाकडी करून आला होता. मी त्याला पाणी दिलं, भाकरी दिली, आणि तो जेवत असताना त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. खोटा माणूस इतकं पोटभर जेवत नाही, असं शेवटी ठरवलं.

नवा कागद इंग्रजीत होता, तुझ्या जीनवाल्या साहेबाचा; पत्ता मात्र जुन्या पाकिटावरच्याच हातचा. काल नंदुरबारला जाऊन स्टेशनमास्तरांकडून वाचून घेतला. मग तिथून सरळ दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना म्हटलं, एवढा वाचून दाखवा. स्टेशनमास्तरांनी काय सांगितलं ते मुद्दाम सांगितलं नाही. दोघांनी तेच वाचलं. तुला ताप आला होता. अकरा दिवस. साहेबानं तुला त्यांच्या गावच्या स्मशानात ठेवलं, डोक्याशी दगड उभा केला आणि त्यावर तुझं नाव आणि धानोरा असं कोरलं.

दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा मी तिसरा वाचणारा शोधायला निघाले होते, जिभाऊ. डॉक्टरांनी मला बाकावर बसवलं.

तुझा तो साहेब! मला तो कधीच आवडला नाही. नंदुरबारला कापसाच्या जीनवर इंजिन सांभाळायचा, आणि कोणी त्याला इंग्रज म्हटलं की लालेलाल व्हायचा. मी इंग्रज नाही, मी स्कॉच! आबा म्हणायचे, "गोरा तो गोरा. त्यामा काय इंग्रज आनि काय स्काच!" मला मात्र वाटायचं, राज्य ज्यांचं त्यांच्यात मोजलं तर जो चिडतो, त्याच्यात कुठंतरी पाणी मुरतंय. त्याचा थोरला भाऊ अमेरिकेत होता, त्याचंही तिथं जीन होतं. त्यानं याला बोलावलं आणि यानं तुला उचललं. इंजिनाच्या आवाजावरून त्याला काय दुखतंय ते तुला कळायचं म्हणे. तुझ्या सख्ख्या बहिणीला काय दुखत होतं, ते कळलं का रे तुला?

माझ्या लग्नाला दोन महिने झाले होते. पहिली आखाजी तोंडावर आलेली. सासरहून माहेरी न्यायला भाऊच मुराळी म्हणून येतो, आणि पहिल्या आखाजीला तर यायलाच हवा. तू वचन दिलं होतंस. सगळ्या सुना गेल्या. मी रोज कामं आटोपून दाराशी. सासू म्हणाली, "तुन्हा मुराळी वाट चुकना वाटस." आठ दिवसांनी कळलं की मुंबईहून बोटीत बसलास. मुराळी कोणी आलाच नाही. त्या दिवशी माझ्या मनात जो खडा बसला, तो बसला.

मग तुझे कागद येऊ लागले. मी पहिल्या बाळंतपणाला घरी आले तेव्हा माय ते डोक्याशी घेऊन झोपायची. वाचता येत नसून! मी वाचून दाखवले. पहिल्यात लिहिलं होतंस, आम्ही अबर्डीनला पोचलो. दुसऱ्यात, ग्लासगोत आठ दिवस काढले. तिसऱ्यात, आता डंडीत मुक्काम, इथं कापूस आपल्यासारखाच पण बैल नाहीत, खेचरं. अमेरिका फार मोठी आहे, माय.

मला काय सुचलं कोण जाणे. काय सुचलं ते ठाऊक आहे, उगाच का लपवू? तू खोटा निघावास असं मला वाटत होतं. गुरुजींच्या घरी गेले आणि नकाशांचं पुस्तक मागितलं. आधी अमेरिकेचं पान काढलं. त्यावर मोठमोठी शहरं होती, तुझं एकही गाव नव्हतं. मग विलायतेचं पान. बोट ठेवून शोधत गेले, आणि सापडली की! डंडी, ग्लासगो, अबर्डीन, तिन्ही एकाच पानावर, एकमेकांच्या शेजारी, विलायतेच्या डोक्यावर.

गुरुजींनी चष्मा लावून पाहिलं. म्हणाले, "ही गावं स्कॉटलंडातली. अमेरिका तिकडे समुद्रापार राहिली. पोरगा कुठं आहे नक्की?"

मी नकाशा घेऊनच घरी आले. आबांना वाचता येत नव्हतं, पण बोट कुठून कुठं जातं ते कळत होतं. माझं बोट थांबलं तिथं त्यांनी आपलं बोट टेकवलं. मग म्हणाले, "मन्हा पोऱ्या मन्हासंगे खोटं बोलस."

गावात एका दिवसात झालं. कोणी म्हणे साहेबाच्या देशात मडम केली, कोणी म्हणे बाटला, कोणी म्हणे तुरुंगात आहे आणि म्हणून अमेरिका सांगतो. मी कोणालाही गप्प केलं नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेली नाही. पाकिटावरचं तिकीट मी पाहिलं होतं. विलायतेहून जे कागद यायचे त्यांवर आपल्या राजाचं तोंड असायचं. जीनवर साहेबाचे यायचे, तूच दाखवले होतेस. तुझ्या पाकिटावर राजा नव्हता. दुसराच कोणी म्हातारा होता. मी ते पाहिलं आणि गिळून टाकलं. फौजदार म्हणे! पुरावा हातात असून खिशात घालणारा फौजदार!

आबांनी कागद सांगितला आणि मी लिहिला. तुझी गावं आम्ही नकाशात पाहिली, तू विलायतेत आहेस, बापाशी खोटं बोलणारा मुलगा आम्हाला नको. खाली एक ओळ मी माझ्या पदरची घातली: आम्हाला अडाणी समजू नकोस.

मग आबा प्रकाशा गावच्या तीर्थावर गेले आणि तापीत तुझ्या नावानं आंघोळ करून आले. ओल्या धोतरानंच. पुढच्या आखाजीला, गेलेली माणसं पाणी प्यायला घरी येतात म्हणून त्यांच्या नावानं घागरी भरताना, मायला म्हणाले, "त्यानी बी एक भर. तो माले मरना."

आबांसमोर मायनं कधी मान वर केली नव्हती. त्या दिवशी केली. "मन्हा पोऱ्या जित्ता शे. जित्तानी घागर मी नही भरनार." तुझ्या आधीची दोन गेली म्हणून जन्मल्याबरोबर तुला सुपात घालून शेजारणीला दिलं होतं, आणि तिच्याकडून परत मागून आणलं होतं. म्हणून तर तू सुपडू. एवढं करून राखलेला पोरगा ती एका नकाशावरून मारून टाकेल होय? गेली ती घागर, भरलीच नाही. त्या वर्षीही नाही, पुढंही कधी नाही.

तुझे आणखी दोन कागद आले. आबांनी न फोडता परत पाठवले. टपालवाल्याला सांगून ठेवलं, या अक्षराचा कागद घ्यायचा नाही. मग यायचे थांबले. आम्हाला वाटलं, पकडला गेला तसा गप्प झाला. आबा तेच मानून गेले. शेवटच्या दिवसांत दारात कोणी खाकरलं तरी वळून बघायचे, मग तोंड फिरवायचे.

आणि हा जुना कागद. आढ्यावरचा. काल स्टेशनवर झाडाखाली बसून मी तो फोडला. आधी अक्षर तपासलं. माझ्या नावातल्या, काशीतल्या शीची वेलांटी तू नेहमी पार शिरोरेषेच्या बाहेर न्यायचास. तशीच होती. मग वाचला. काही ओळी तुझ्या तुलाच वाचून दाखवते, कारण त्या कोणी ऐकल्याच नाहीत.

"काशी, माझे दोन कागद परत आले. आबा माझं अक्षर बघून घेत नसतील, म्हणून हा पत्ता जीनवरच्या कारकुनाकडून लिहून घेतला आहे. आबांच्या कागदातलं अक्षर तुझं आहे, शेवटची ओळही तुझीच असणार. तुझ्यावर राग नाही. नकाशा खरा आहे, पण मीही खरा आहे. इथं एक डंडी नाही, चार-पाच आहेत म्हणतात. ग्लासगो अनेक, अबर्डीन अनेक, पर्थही आहे. साहेबाच्या मुलखातली माणसं पिढ्यांपूर्वी इकडे आली, जमीन धरली आणि गावाला आपल्या गावाचं नाव देऊन टाकलं. नाव तेवढं गाठोड्यात बांधून आणता येतं ना.

"इथं दरवर्षी जत्रा भरते. बाप्ये घागऱ्यासारखं चौकड्याचं लुगडं नेसतात आणि कातडी पिशवी काखेत दाबून वाजवतात. आपला साहेब ते ऐकून रडतो. त्याचं एक वेळ समजतं, तो तिथून आला. पण शेजारी एक म्हातारा रडत होता, तो इथंच जन्मला, त्याचा बापही इथंच. स्कॉटलंड कशाशी खातात ते त्याला ठाऊक नाही, तरी म्हणतो, आम्ही तिथले. नंदुरबारचे मारवाडी शेठजी नाही का, ज्या गावाला कधी गेले नाहीत त्याला आमचं गाव म्हणतात? म्हाताऱ्यानं मला विचारलं, तू कुठला? म्हटलं, धानोरा. म्हणाला, असं गाव आणखी कुठं आहे का? मी म्हटलं, पुष्कळ. त्यानं माझा हात धरून जोरात हलवला.

"एक गोष्ट मला टोचते. या डंडीला डंडी म्हणायच्या आधी इथल्या रानातली माणसं काय म्हणत होती, ते मी तिघांना विचारलं. कोणालाच माहीत नाही. आपल्या जीनवर अक्कलकुव्याकडचे भिल्ल गडी यायचे ते आठवले. काठी गावाकडच्या डोंगरात ते एकेका ओढ्याला नावानं ओळखायचे, आणि साहेबाच्या नकाशात तोच ओढा बिननावाचा. नकाशावर किती विसंबायचं, ते यावरून समज.

"आबांना एवढंच विचार: धानोऱ्याचा माणूस बाजारात गेला की लोक त्याला पहिलं काय विचारतात? ते उत्तर देतील, आणि मग त्यांचा राग जाईल. गेला असेल तर दोन ओळी टाक. आखाजीला येतो, तुला न्यायला मुराळी म्हणून. एक आखाजी माझ्याकडे बाकी आहे. तुझी ओळ आली नाही, तर राग गेला नाही असं समजेन आणि पुन्हा लिहिणार नाही."

जिभाऊ! काखेत कळसा आणि गावाला वळसा! कोणतं धानोरं? जन्मापासून ऐकत आलो. लग्न ठरताना विचारलं, बाजारात विचारलं, दवाखान्यात कालही विचारलं. नंदुरबारचं, असं म्हटल्याशिवाय आमचं गाव पुरं होत नाही. एका नावाची दहा गावं असतात हे साऱ्या जगात कोणाला कळायला हवं होतं, तर आम्हाला. आणि आम्हीच नकाशावर बोट ठेवून म्हटलं, डंडी एकच!

पण तूही! एक ओळ आली नाही म्हणून बारा वर्षं गप्प बसलास? परत आलेले कागद तुझ्या हातात होते, मग तिसराही कुठं अडकला असेल असं वाटलं नाही? तेव्हा जर्मनची लढाई लागली होती, बोटी बुडत होत्या. एवढा तरी संशय घ्यायचा होतास! आपल्या घरात सगळा संशय माझ्याच वाट्याला आला आणि तुझ्या वाट्याला काहीच नाही. थोडासा तुझ्याकडे असता, तर तू आणखी एकदा लिहिलं असतंस.

दोन ओळी, जिभाऊ. दोन ओळींसाठी तू परदेशी दगडाखाली आहेस. मला हे कोणापुढं रडता येत नाही.

इथवर लिहिलं आणि माय आत आली. हात पिठाचे. कुंभाराकडून आणलेल्या दोन नव्या घागरी कोपऱ्यात आहेत, एक आबांची, एक आजोबांची. त्यांच्याशेजारी ती खाली बसली. मी कागद पदराखाली घेतला.

"तीन रोज व्हयनात, तू काही तरी दपाडी ऱ्हायनी," ती म्हणाली. "माले कागद वाचता येस नही. तुन्हं तोंड वाचता येस."

मी कागद आणखी आत सरकवला.

"मन्हा सुपडू खोटा व्हता का?"

आधी हेच विचारलं तिनं. मी म्हटलं, "नही माय. खरा व्हता. खोटं मन्हं व्हतं." आणि सगळं सांगितलं. नकाशा, तिकीट, माझ्या पदरची ओळ, चोपड्याकडचं धानोरं, तुझी ती एक बाकी आखाजी. ऐकताना ती घागरीच्या काठावरून बोट फिरवत होती. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मंग आते तो कोठे शे?"

दोन माणसांकडून वाचून घेतलेलं एक वाक्य, ते माझ्या तोंडातून निघेना. ती माझ्याकडे बघत राहिली. मग दोन घागरींकडे बघितलं. पिठाच्या हातानं त्यांतली एक थोडी सरकवली आणि मधे जागा केली.

"कुंभारकडथीन आनखी एक घागर लई ये," ती म्हणाली. "मोठी लई ये. लांबथीन येनार शे तो, त्याले तहान लागी."

मग ती पुन्हा ओट्यावर जाऊन रवा चाळायला लागली. चाळणीचा आवाज मला इथं ऐकू येतोय. मधेच थांबतो, मग पुन्हा सुरू होतो.

जिभाऊ, घागर मी संध्याकाळच्या आत आणते. आबांच्या शेजारीच ठेवणार, त्यांना आवडो न आवडो. त्यांच्या घागरीशी बसून तुझा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणार, बाजारातल्या प्रश्नासकट. वर डांगर ठेवीन, गोड खरबूज, तुला आवडायचं तसं पिकलेलं. आणि तुझं नाव घेताना सगळा पत्ता घेईन: सुपडू झिपरू पाटील, धानोरा, तालुका नंदुरबार, पश्चिम खानदेश. तुझ्या दगडावर नुसतं धानोरा कोरलंय, तेवढ्यावर मी तुला सोडणार नाही. तुझ्या कागदाचं झालं तसं तुझं व्हायला नको.

हा माझा शब्द आहे, दोन ओळींचा नाही, पुरा. आखाजीच्या सकाळी मी गावाच्या शिवेवर येऊन उभी राहते. बहिणीनं मुराळी झालेलं कोणी ऐकलं नसेल, पण या वेळी न्यायला मीच येणार. जो कोणी येईल त्याला विचारीन, कोणतं धानोरं? नीट सांग हं, जिभाऊ. तू सांगशील ते या वेळी मी खरं मानीन.

तुझी फौजदार,
काशी
मुक्काम धानोरा, तालुका नंदुरबार